करंटची मशीन आणि अम्मीची कंबर

मागच्या रमजानातली गोष्ट. तरावीहची नमाज अम्मी घरीच पढते. एका रात्री मी स्वयंपाकघरात सहरीची तयारी करत होते. आतल्या खोलीतून बराच वेळ काही हालचाल ऐकू आली नाही, म्हणून डोकावले. अम्मी सजद्यात होती. मी दारातच थांबले. सजदा संपला, पण तिला उठता येईना. एक हात जानमाजवर, दुसरा भिंतीवर आणि ओठ दातांखाली दाबलेले. मी धावत गेले तर म्हणाली, "काही नाही बेटा. कंबर आहे. अल्लाह शिफा देईल."

दुसऱ्या दिवशी तिच्या कपाटात कपड्यांच्या घडीखाली मला गोळ्यांच्या तीन पट्ट्या सापडल्या. दुखण्याच्या गोळ्या. चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही, औषधाच्या दुकानातून पोराला पाठवून आणवलेल्या. अम्मीचे वय ६८. शुगर आहे, बीपी आहे. या गोळ्या रोज घेतल्या तर पोटात व्रण होऊ शकतो, बीपी वाढू शकते, किडनीवर ताण येतो. मी रागावले. ती शांतपणे म्हणाली, "तुला सांगून काय होणार होतं? तू दिवसभर शाळेत."

वाचक भगिनींनो, हे वाक्य मला लागले. पण लागल्यावर मी काय केले? शाळेतल्या एका सहकारी बाईंनी सांगितले की त्यांच्या सासूबाईंना करंटच्या मशीनने खूप फरक पडला. त्याच संध्याकाळी मी ती मशीन घेऊन आले. हाताच्या पंजाएवढा डबा, दोन तारा, चार चिकट पॅड, आत बॅटरी. अम्मीच्या कमरेला पॅड चिकटवले, बटण फिरवले. आधी ती दचकली, मग हसली. "मुंग्या चालताहेत गं!" अर्ध्या तासाने म्हणाली, "हलकं वाटतंय." मला वाटले, आपले काम झाले.

मशीन मोहल्ल्यात निघाली

आपल्या मोहल्ल्यात चांगली वस्तू एका घरात थोडीच राहते? आठवडाभरात मशीन शेजारच्या खालांच्या गुडघ्याला लागली, समोरच्या भाभींच्या मानेला लागली. एका दुपारी शाळेतून आले तर मशीन घरात नाही. अम्मी म्हणाली, "गल्लीच्या टोकाच्या खालूंनी मागवली. त्यांचा खांदा दुखतोय." माझ्या काळजाचा ठोका चुकला. त्या खालूंच्या छातीत दोन वर्षांपूर्वी पेसमेकर बसवला होता, आणि मशीनच्या डब्यावरच्या कागदात पहिलीच सूचना होती की पेसमेकर असलेल्याने ती वापरू नये. मी चपला न घालता धावले. खालू शर्टाची बटणे काढून बसले होते, पॅड त्यांच्या नातवाच्या हातात. पेसमेकर हृदयाचे ठोके विजेच्या सूक्ष्म संदेशांवरून ओळखतो. बाहेरून दुसरा करंट आला तर त्याची गफलत होऊ शकते. त्या दिवशी अल्लाहने वाचवले.

तो कागद मी वाचला होता. अम्मीने वाचला नव्हता, कारण तो इंग्रजीत होता. मी तिला तो समजावून सांगितलाच नव्हता. तीस वर्षे लोकांची मुले शिकवणाऱ्या घरातली ही गोष्ट. अब्बा शिक्षक, मी शिक्षिका.

म्हणून मग मी अम्मीला घेऊन आधी डॉक्टरांकडे आणि त्यांच्या सांगण्यावरून एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. तिथे जे समजले आणि नंतर जे वाचले, ते आज तुमच्यापुढे ठेवते.

फुंकर आणि दरवाजा

या मशीनला 'टेन्स' म्हणतात. त्वचेवरून नसांना विजेचे हलके ठोके द्यायचे, एवढेच तिचे काम. मूल पडले की आपण काय करतो? गुडघा चोळतो, फुंकर घालतो. मूल शांत होते. जखम तर तशीच असते, मग दुखणे कमी कसे होते?

याचे उत्तर १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी मांडले. स्पर्शाची खबर नेणाऱ्या नसा जाड आणि वेगवान असतात. सततच्या दुखण्याची खबर नेणाऱ्या नसा बारीक आणि संथ. दोघींची खबर आधी पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत पोहोचते आणि तिथून मेंदूकडे जाते. मज्जारज्जूत जणू एक दरवाजा आहे. स्पर्शाची खबर जोरात आली की तो दरवाजा थोडा मिटतो आणि दुखण्याची खबर पुढे कमी जाते. चोळण्याचे, फुंकर घालण्याचे रहस्य हे. दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, वॉल आणि बॉस्टनचे शल्यचिकित्सक विल्यम स्वीट यांनी हाच स्पर्श विजेने देऊन पाहिला. आधी स्वतःवर, मग नसांच्या जुन्या दुखण्याच्या ८ रुग्णांवर. त्यातल्या चौघांना दोन मिनिटांच्या करंटने अर्ध्या तासाहून अधिक आराम मिळाला. आजची टेन्स मशीन तिथून आली.

टेन्सचे ठोके जलद लावले, सेकंदाला ८० ते १०० च्या आसपास, तर मुंग्या येतात आणि दरवाजा मिटण्याचे काम होते. संथ लावले, सेकंदाला २ ते ४, तर स्नायू हलके उडतात आणि शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्ये सोडते असे मानले जाते.

विजेने दुखणे शमवण्याची कल्पना मात्र फार जुनी. पहिल्या शतकात रोमचा वैद्य स्क्रिबोनियस लार्गस डोकेदुखीला आणि पायाच्या संधिवाताला समुद्रातला जिवंत विजेचा मासा लावायला सांगत असे. नाईल नदीतही असा एक मासा आहे. अरबीत त्याचे नाव 'रअ्आद'. गडगडाटाला आपण कुरआनात 'रअ्द' म्हणून ओळखतो, हे नाव त्याच धातूतले. बगदादचे हकीम अब्दुल लतीफ यांनी १२०० सालच्या सुमारास मिसरमध्ये राहून जे लिहिले, त्यात हात लावताच अंग थरथरवणाऱ्या या माशाचे वर्णन आहे. वीज काय असते हे त्यांना ठाऊक नव्हते. पण त्यांनी डोळसपणे पाहिले आणि पाहिले ते लिहून ठेवले.

वहीने काय सांगितले

फिजिओथेरपिस्ट बाईंनी अम्मीला विचारले, "दुखणं शून्य ते दहामध्ये किती?" अम्मी म्हणाली, "बेटा, दुखण्याला कुठे मार्क असतात?" पण ही पद्धत मला शिक्षिका म्हणून आवडली. घरी येऊन मी वही आखली. तारीख, मशीन लावण्याआधीचे दुखणे, लावलेले असताना, दोन तासांनी, आणि रात्रीची झोप. तीन आठवडे रोज संध्याकाळी अम्मीजवळ बसून लिहीत गेले.

वहीत दिसले ते असे. मशीन चालू असताना सातचे दुखणे चार व्हायचे. काढल्यावर तासाभरात पुन्हा सहा, कधी सात. दुसऱ्या दिवशी सकाळी काहीच फरक नाही. आणि एक मजेची नोंद आहे. एका संध्याकाळी अम्मी म्हणाली, "आज फार बरं वाटलं, मुंग्या पण आल्या नाहीत, त्रास नाही." मी डबा उघडून पाहिला. बॅटरी संपली होती. मशीन बंदच होती!

आम्ही दोघी खूप हसलो. पण मी विचारात पडले. त्या संध्याकाळी अम्मीला बरे वाटले ते खोटे नव्हते. आपल्यासाठी कुणी काही करते आहे, जवळ बसले आहे, विचारते आहे, यानेही दुखणे खरोखर हलके होते. म्हणूनच शास्त्रज्ञ कोणत्याही उपचाराची परीक्षा घेताना काही रुग्णांना खरी मशीन लावतात आणि काहींना नुसती दिखाव्याची. खऱ्या मशीनने दिखाव्याच्या मशीनपेक्षा जास्त फरक पडला, तरच मशीन पास.

टेन्सचा निकाल काय? खरे सांगायचे तर संमिश्र. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात ३८१ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. मशीन चालू असताना आणि काढल्यावर लगेच, दिखाव्याच्या मशीनपेक्षा दुखणे कमी होते आणि गंभीर अपाय होत नाही, असे त्यात दिसले. त्याआधी २०१९ मध्ये कॉक्रेन या नावाजलेल्या संस्थेने जुनाट दुखण्यापुरता आढावा घेतला, तेव्हा पुरावा इतका कच्चा निघाला की फायदा होतो की नाही हे ठामपणे सांगता आले नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या सरकारी संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नये असे सांगितले. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शन दिले, त्यातही नेहमीचा उपचार म्हणून टेन्सची शिफारस नाही. कमरेचे पट्टे आणि वजन लावून ओढणे यांचीही नाही. शिफारस आहे ती व्यायामाची, रुग्णाला दुखणे समजावून सांगण्याची, मनाला उभारी देणाऱ्या उपचारांची, आणि गरज पडली तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्यांची.

म्हणजे अम्मीच्या वहीत जे होते तेच मोठमोठ्या अहवालांत निघाले. मशीन घटकाभर आराम देते. आजार बरा करत नाही.

आपल्या जिल्ह्यांची कंबर

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. पण आपल्याला जगाकडे कशाला बघायला हवे? चंद्रपूर-गडचिरोलीत राहणाऱ्याने आजूबाजूला पाहिले तरी पुरे. पावसाळ्यात गुडघाभर चिखलात दिवस दिवस वाकून धानाची रोवणी. उन्हाळ्याच्या तोंडाला मोह वेचणे, मग ४५ अंशांच्या उन्हात तेंदूपत्ता तोडणे आणि रात्री बसून त्याचे पुडे बांधणे. कोळसा खाणींतले कामगार, शिलाई मशीनवर दिवसभर पाय चालवणाऱ्या आपल्या बहिणी, बांधकामावर घमेली उचलणाऱ्या बाया. तेंदूच्या हंगामानंतर माझ्या वर्गातल्या मुलांच्या आया शाळेत येतात तेव्हा बाकावर बसताना कमरेवर हात जातोच. एकदा एका आईला मी विचारले, डॉक्टरला दाखवले का? ती म्हणाली, "मॅडम, सगळ्यांचीच दुखते जी. दाखवाचं काय त्यात?"

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने याकडे आजार म्हणून पाहिले, ही आपल्यासाठी अभिमानाची बाब आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून गडचिरोलीत काम करणारी ही संस्था नवजात बालकांचे मृत्यू रोखण्याच्या कामासाठी जगभर ओळखली जाते. पण तिने गावांत जाऊन कंबर, गुडघे, हातपाय दुखण्याचाही अभ्यास केला आणि हे खेड्यांचे मोठे सार्वजनिक दुखणे आहे हे दाखवून दिले. मुंबईचे मणक्याचे शल्यचिकित्सक डॉ. शेखर भोजराज यांच्या चमूने शोधग्रामच्या दवाखान्यात येऊन मणक्याचे रुग्ण तपासले, शस्त्रक्रिया केल्या. ज्या दुखण्याला बाई स्वतःच दुखणे मानत नाही, त्यासाठी कुणी मुंबईहून गडचिरोलीला येते, हे मी त्या आईला सांगितले. तिला आधी खरे वाटले नाही.

घ्यायचीच असेल तर

मशीन वाईट नाही. डॉक्टरांनी हो म्हटले आणि गोळ्या कमी करायला तिची मदत होत असेल, तर जरूर वापरा. पण काही गोष्टी ध्यानात ठेवा.

ज्यांच्या शरीरात पेसमेकर किंवा तसे विजेवर चालणारे यंत्र बसवले आहे, त्यांनी ती लावायची नाही. फिट येत असतील, पायाच्या नसेत रक्ताची गाठ असेल, कर्करोग असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. गरोदर बाईच्या पोटाला, कमरेला आपल्या मनाने कधीच लावू नका.

गळ्यावर पुढच्या बाजूने, डोळ्यांवर, डोक्यावर, छातीवर आणि जखमेवर पॅड लावायचे नाहीत. ज्या जागी स्पर्श कळत नाही तिथेही नाही. शुगरच्या रुग्णांनी हे विशेष जपावे. अम्मीच्या तळपायांना कापूस लावलेला कळत नाही, हे त्या तपासणीतच आम्हाला समजले. करंट किती झाला हे जिथे कळणारच नाही, तिथे त्वचा पोळण्याची भीती असते.

कोरड्या, स्वच्छ त्वचेवर, दुखऱ्या जागेच्या आजूबाजूला पॅड चिकटवा आणि मगच मशीन सुरू करा. करंट इतकाच ठेवा की मुंग्या ठळक जाणवतील पण टोचणार नाही. जास्त करंट म्हणजे जास्त फायदा, असे नसते. एका वेळी २० ते ३० मिनिटे पुरेत. अंघोळ करताना, गाडी चालवताना, झोपेत लावू नका. एकाचे पॅड दुसऱ्याने वापरू नयेत. आणि थेट भिंतीतल्या प्लगवर चालणारी, कुणी बनवली हे न लिहिलेली मशीन मेळ्यातून आणू नका.

"गुडघ्याची गादी परत येईल", "मणक्याचे ऑपरेशन टळेल", "शुगर जाईल" असे सांगून कुणी मशीन विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा. साध्या मशीनला एक-दोन हजार लागतात. याच तत्त्वावरची मशीन कुणी 'खास तंत्रज्ञान' म्हणून वीस-तीस हजारांना देऊ लागला तर आधी फिजिओथेरपिस्टला विचारा.

आणखी एक गोष्ट, जी सगळ्यात महत्त्वाची. मशीन लावून दुखणे दाबले आणि खरा आजार आत वाढत राहिला, असे होऊ देऊ नका. कंबरदुखीबरोबर पायातली ताकद जात असेल, लघवी-शौचाचा ताबा सुटत असेल, मांड्यांच्या मधला भाग बधिर होत असेल, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. ताप येत असेल, वजन घटत असेल, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असेल, तर तपासणी करून घ्या. मणक्यालाही टीबी होतो आणि वेळेवर औषध घेतले तर तो बरा होतो. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. सिकलसेलच्या मुलाचे हातपाय, छाती अचानक जोरात दुखू लागली तर मशीन शोधत बसू नका. त्याला दवाखाना लागतो.

आता अम्मी

फिजिओथेरपिस्ट बाईंनी अम्मीला तीन सोपे व्यायाम दिले. रोज चालायला सांगितले. मशीनचा उपयोग असा सांगितला की दुखणे हलके झालेल्या त्या अर्ध्या तासात पडून राहू नका, तेव्हाच व्यायाम करा, अंगणात फेऱ्या मारा. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, मोजून दिल्या, किडनीची तपासणी केली. ती ठीक निघाली, अलहम्दुलिल्लाह.

खुर्चीवर बसून नमाज पढायला मात्र अम्मी तयार नव्हती. "अजून इतकी म्हातारी झाले नाही," म्हणायची. मी मशिदीतल्या मौलानांना विचारले. त्यांनी हजरत इम्रान बिन हुसैन (रजि.) यांची आठवण सांगितली. त्यांना मूळव्याधीचा त्रास होता. त्यांनी नमाजविषयी विचारले तेव्हा प्रेषितांनी (स.) उभे राहून, ते जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर पढण्याची सवलत सांगितली. सहीह बुखारीत हे आले आहे. अम्मीने ऐकून घेतले. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी फज्रला उठले तर स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची जानमाजजवळ होती.

ज्या दिवशी कंबर बरी असते त्या दिवशी ती खुर्ची बाजूला सरकवते आणि जमिनीवर सजदा करते. वहीत ते दिवस तिने स्वतः हिरव्या पेनने खूण करून ठेवले आहेत. दुखणे अजून आहे. सातचे पाच झाले आहे, कधी चार. मशीन आठवड्यातून दोन-तीनदा निघते. मोहल्ल्यात कुणी मागितली तर अम्मी आता आधी विचारते, "पेसमेकर आहे का? शुगर आहे का? डॉक्टरला विचारलं का?" खाला म्हणतात, तुझी अम्मी पण मास्तरीण झाली.

आणि मी? शाळेतून आल्यावर पर्स ठेवून आधी वही उघडते. "आज किती, अम्मी?" तुमच्याही घरात कुणाच्या तरी कपाटात कपड्यांच्या घडीखाली गोळ्यांची पट्टी असेल. आज रात्री जेवण झाले की पाच मिनिटे त्यांच्याजवळ बसा आणि विचारा.